टेकाडावरच्या बायकांची यादी

१८ ऑगस्ट, सोमवार

धरणाचं पाणी चढलं. टेकाडवस्तीचा रस्ता गेल्या आठवड्यात बुडाला. आता शिमग्यापर्यंत होडीशिवाय जाणं नाही. होडी हरिभाऊची. बॅग, बीपीचं मशीन, लशीचा डबा, सगळं मांडीवर घेऊन बसायचं आणि हलायचं नाही. वस्तीच्या चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला हापसा एकच.

हरिभाऊने आजही निरोधाचं पाकीट मागितलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेला माणूस दर महिन्याला पाकीट नेतो, म्हणून वर्षभर मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. आज कळलं. मोबाईल त्यात घालून गाठ मारतो, पाण्यात पडला तर तरंगतो म्हणे. दिलं पाकीट. रजिस्टरात लाभार्थी म्हणून नाव टाकलं.

वरून आदेश आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या सगळ्या बायकांची जायच्या आधी तपासणी करा. जाणाऱ्या कोण, ते आमच्या रजिस्टरावरून कळत नाही. त्यात नांदायला गेलेल्या पोरी अजून कुमारी आहेत, आणि एक म्हातारी वारून दोन वर्षं झाली तरी बीपीची गोळी घेतेय. पक्की यादी एकाकडेच, दत्ता मुकादमाकडे. कोण नवरा-बायको जोडीने कोयत्याला निघणार, सगळं त्याच्या वहीत. मागितली तर लगेच काढून दिली. "घ्या की सिस्टरबाई, तुमचंबी काम हुईल, आमचंबी."

इतक्या सहज कुणी काही दिलं की मला धास्तीच वाटते. आई म्हणायची, ही पोरगी देवळात गेली तरी आधी घंटा खरी आहे ना ते हलवून बघेल. पण नावं शोधायचा ताप वाचला.

२५ ऑगस्ट, सोमवार

टेकाडावर समाजमंदिरात तपासणी. साडी बांधून आडोसा केला. कमलने बायका गोळा केल्या. ती वस्तीवरची आशा, आणि दत्ता मुकादमाची सख्खी भावजय. कामाला चोख आहे, चार वर्षं माझ्याबरोबर हिंडते. पण पोटातलं ओठावर येऊ देत नाही. आणि आशांच्या वाट्याला येणारे पॅड ती स्वतः कधी वापरताना दिसत नाही. जातात कुठे?

सव्वीस जणी आल्या. बहुतेकींचं एकच. पांढरं पाणी, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. सहा महिने उसाच्या फडावर खोपीत राहायचं, ना आडोसा ना पाणी, पाळीत एकच फडकं धुऊन ओलंच परत घ्यायचं. दुसरं काय होणार? गोळ्यांचा कोर्स दिला. सात जणी मला बऱ्या वाटल्या नाहीत. त्यांना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टरकडे दाखवायला सांगितलं. मुकादमाच्या वहीवरच खुणा करत गेले, मग माझ्या रजिस्टरात उतरवून घेतलं, वही परत.

त्या सातांत सुनीता. वय चोवीस, दोन मुलं, अंगावर मांस नाही. साडीच्या आडोशाला हळूच म्हणाली, तीन महिन्यांची सुई द्या, सासूला कळू देऊ नका. तिसरं नकोच असं नाही, आत्ता नको. सुई दिली. कार्ड माझ्याकडेच ठेवलं, तिच्या घरात ठेवायला जागा नाही असं म्हणाली. जागा आहे, पण सासूचा हात पोचत नाही अशी नाही.

तिच्या नवऱ्यालाही गोळ्या दिल्या. दोघांनी घेतल्या तरच हा आजार जातो, हे तीनदा सांगितलं. मला काय धाड भरलीय, असं म्हणून गोळ्या खिशात घालून उठला. खाणार नाही. लिहून ठेवते.

४ सप्टेंबर, गुरुवार

महालक्ष्म्या झाल्या. आज लसीकरण. पद्मीन दिसली नाही. विचारलं तर तिच्या जावेने नजर चुकवली. मग हरिभाऊ होडीत बोलला. पद्मीनची पिशवी काढली. शेजारच्या जिल्ह्यात, खासगी दवाखान्यात. होडीने काठावर, तिथून मुकादमाच्या जीपमधून गेली आणि पाच दिवसांनी आली.

एकतीस वर्षांची बाई. आता आपल्या जिल्ह्यात सरकारी परवानगीशिवाय गर्भाशय काढता येत नाही. म्हणून जिल्ह्याबाहेर नेतात. पळवाट शोधणाऱ्याला नियम नुसता रस्ता दाखवतो.

पद्मीन त्या सातांतली. योगायोग असेल.

८ सप्टेंबर, सोमवार

योगायोग नाही. आज आणखी दोघींचं कळलं. एकीचं ऑपरेशन झालं, दुसरीचं परवा आहे. दोघी सातांतल्या. बाकी एकोणीस जणींना कुणी विचारलंही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते माझ्याच रजिस्टरापाशी.

रजिस्टर माझ्या बॅगेत. टेकाडावर असते तेव्हा बॅग कमलकडे. पाणी ती देते, चहा तिच्याच घरी, आणि जेवताना बॅग तिच्या उतरंडीपाशी. दीर मुकादम. आणखी काय पाहिजे?

का नेतात तेही मला ठाऊक आहे. पाळीचे चार दिवस बाई फडात उतरली नाही की चार खाडे. पिशवीच नसली की खाडाच नाही. बाईला मात्र सांगायचं की सूज आहे, पुढे कॅन्सर होतो. कॅन्सर म्हटलं की सासवासुद्धा हात जोडतात.

सुनीताची अजून तारीख नाही. निदान कुणी सांगत नाही.

९ सप्टेंबर

झोप नीट नाही. कमलचा चेहरा आठवून पाहिला. कुठल्याही पिशवीच्या गोष्टीला तिने आजवर एकदाही 'वाईट झालं' म्हटलेलं नाही. माझ्याबरोबर बायकांना समजवायला बसते आणि त्या विषयावर आलं की उठून पोरांना हाकलायला बाहेर जाते. चार वर्षांत हे लक्षात कसं आलं नाही?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज एक डाव टाकला. कमलला एकटीला गाठून सांगितलं, शांतालाही तोच त्रास आहे, अंबाजोगाईला पाठवायचीय. साफ खोटं. शांता धडधाकट आहे, दोन घागरी घेऊन टेकाड चढते. आता मुकादम शांताच्या दारात गेला की कमल सापडली.

असं करताना लाज वाटली का? वाटली. तरी केलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

शांताकडे कुणी गेलं नाही. हरिभाऊकडून दोनदा विचारून घेतलं.

म्हणजे कमल हुशार आहे. डाव ओळखला तिने.

केंद्रावर जाऊन डॉक्टर मॅडमना लेखी देऊन आले, की आशा कार्यकर्तीमार्फत रुग्णांची माहिती बाहेर जात असल्याचा दाट संशय आहे. मॅडमनी विचारलं, पुरावा? म्हटलं, दुसरं कोण असणार. त्यांनी कागदावर शिक्का मारला. परत येताना वडवणीच्या बाजारातून भाजी घेतली, घरी आल्यावर पाहिलं तर वांगी सगळी किडकी. बाईने वरची दाखवून खालची घातली. एरवी मी एक एक उलटून बघते.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज कमलला न सांगता टेकाडावर गेले. काहीतरी भलतंच झालंय. दारं पुढे लोटलेली. समाजमंदिराच्या ओट्यावर अर्धा तास एकटी बसले. एक म्हातारी येऊन बीपी तपासून गेली, तेवढंच. ज्या बायका मला बघून पदर खोचत धावत यायच्या त्या आज घरात भांडी वाजवत बसल्या. मला पाहून त्या घाबरल्या होत्या.

सुनीताच्या घरी मीच गेले. सासू जात्यापाशी. उठली नाही. म्हणाली, डॉक्टरनी तारीख दिलीया, येत्या शनवारी. घट बसायच्या आदी मोकळी हुईल. मी सांगायला लागले की पोरगी चोवीसची आहे, तिला आजार साधा आहे, गोळ्यांनी जाईल. सासू ऐकून घेत होती, पण माझं तोंड बंद व्हायची वाट बघत असल्यासारखी.

सुनीता हापशावर भेटली. भरलेली कळशी खाली ठेवून माझ्याकडे सरळ बघत म्हणाली,

"सिस्टर, माज्या नावाफुडं फुली कावून मारली तुमी?"

कुठली फुली, म्हटलं.

"मुकादमाच्या वहीत हाय की. सात जणीच्या फुडं हाय. ते म्हणले, सिस्टरबाईनी सोता मारलीया, मंजी आजार लईच वाढलाय."

 

तशीच मुकादमाकडे गेले. वही खुंटीला दोरीने टांगलेली. त्याने स्वतःच काढून हातात दिली, पहिल्यासारखी. माझं निळं पेन, माझं अक्षर. तपासणी झाली तिच्यापुढे बरोबरची खूण, अंबाजोगाईला पाठवायची तिच्यापुढे फुली. रजिस्टरात उतरवून घेईपर्यंतची सोय म्हणून केलेलं. आणि वही परत देताना मीच त्याला म्हणाले होते, फुलीवाल्यांना दवाखान्यात न्यायचंय, तुमची जीप मिळाली तर बरं. हेही आता आठवतं. हसत म्हणाले होते.

"मी काय डॉक्टर हाय व्हय?" दत्ता म्हणाला. "तुमीच म्हणला दवाखान्यात न्या. न्हेलं. कोनता दवाखाना ते तुमी लिवलंच न्हाई."

वही खुंटीला परत टांगली आणि निघाले. होडीत हरिभाऊ काहीतरी सांगत होता, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

त्याच दिवशी, पुन्हा

यादी मीच दिली. तिघींच्या पोटावर टाके पडले ते माझ्या फुलीवरून. मी कमलच्या उतरंडीकडे बघत बसले आणि वही स्वतःच्या हाताने पोचवून आले. चौसाळ्याला बहिणीला फोन लावला, बोलणार काय म्हणून कट केला.

सुनीताला पाच दिवस आहेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिदिनाचं झेंडावंदन शाळेत. कमल आलेली. मी केंद्राला दिलेल्या कागदावरून तिला खुलासा द्यायचा आदेश गेलाय, तो घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलेला. पोरांना बुंदी वाटून झाल्यावर तिला बाजूला घेतलं. माझं चुकलं, कागद मागे घेते, सगळं सांगितलं. फुलीचं, वहीचं, शांताच्या खोट्याचंही.

तिने ऐकलं. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"सत्ताविसाव्या वर्षी काडली माजी," म्हणाली. "ह्याच दीरानं न्हेलं. नंतर एक खाडा झाला न्हाई. आता दळनाचा डबा उचलत न्हाई, अंगातून जाळ निगतो, रात्री उटून बसते. चार वर्सं माज्यासंगं हिंडता तुमी. कदी इचारलं का?"

नाही विचारलं. पॅड कुठे जातात हे मात्र विचारत होते, मनातल्या मनात. ते ती शाळेतल्या पोरींना देते. तिला लागत नाहीत.

मी म्हटलं, सुनीताला तू सांग, तुझं सांग. ती म्हणाली, वस्तीत कुणालाच माहीत नाही. दवाखान्यात गेली तेव्हा माहेरी गेली असं सांगितलं होतं. घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक नाही, आता मी चौथी. आणि दिराच्या दारात राहून दिराविरुद्ध बोलायचं कसं? तिचा नवराही त्याच टोळीत आहे.

बघते, एवढंच म्हणाली. 'बघते' म्हणजे काय, तिलाच ठाऊक.

१८ सप्टेंबर, गुरुवार

केंद्रावर कागद मागे घेतला. मॅडम म्हणाल्या, असे कागद लिहिताना जरा थांबत जा. मग सुनीताचं सांगितलं. त्यांनी अंबाजोगाईला फोन करून बाई डॉक्टरांशी बोलून घेतलं. शनिवारी ओपीडी आहे, नऊच्या आत या, सोनोग्राफी लगेच करू. चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्याबद्दल वर कळवते म्हणाल्या. कळवतील. शनिवारच्या आत काही होईल असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये. आता टेकाडावर नेणार कोण? मी गेले तर दारं बंद. मी काही म्हणाले तरी त्यांच्या दृष्टीने ती दुसरी फुलीच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी कमल उपकेंद्रावर आली. बसली नाही. चिठ्ठी द्या, म्हणाली. विचारलं, सुनीता येते म्हणाली का? ती चिठ्ठीसाठी हात पुढे करून उभी. सासू? तू तुझं सांगितलंस का तिला? तेव्हा वर बघितलं आणि म्हणाली, "तेवडं मला इचारू नका."

जाणार कसं, हेही विचारलं. दिराच्याच जीपमधून, म्हणाली. बाईच्या सोबतीला बाई पाहिजे असं त्यालाच वाटतं, म्हणून ती जाणार आहे. पुढे काय, चौकात अंबाजोगाईकडे जीप कशी वळवणार, दिराला काय सांगणार, काही नाही. चिठ्ठी ब्लाउजमध्ये घातली, कालपरवा खुलाशाचा आदेश जिथे होता तिथेच, आणि गेली.

आता खरं लिहिते, कारण इथे नाही तर कुठे लिहू. ती गेल्यावर पहिला विचार आला तो हा, की चिठ्ठी हातात आली आता ती फाडून टाकेल. माझ्यावर सूड म्हणून, किंवा दिराच्या भीतीने, किंवा दिराशी आतून एक असेल म्हणून. माफी मागून दोन दिवस झाले नाहीत. हा स्वभाव मेल्याशिवाय जाणार नाही माझा.

पण मी तिच्या जागी असते तर मला मदत केली असती का? नसती केली.

२० सप्टेंबर, शनिवार

पहाटेच काठावर जाऊन उभी राहिले, बाभळीच्या आड. होडीत चौघं. हरिभाऊ, सुनीता, सासू, कमल. सुनीताने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, हातात पिशवी. पाच दिवसांचे कपडे मावतील एवढी. एका दिवसासाठी इतके कपडे कोण नेतं? सासू काठावरूनच परत गेली, नातवंडं घरी होती.

जीप उभीच होती. दत्ता स्वतः चालवत होता. कमल पुढे बसली, सुनीता मागे. सुनीताने एकदा पाण्याकडे वळून पाहिलं. मी दिसले की नाही तिला, ठाऊक नाही. हाक मारावीशी वाटली. मारली असती तर कमलचा जो काही बेत असेल तो तिथेच मोडला असता. किंवा बेत नसेलच, तर पोरगी वाचली असती. पाय उचलला आणि परत ठेवला. जीप गेली.

चौकापर्यंत रस्ता एकच. तिथून डावीकडे अंबाजोगाई, सरळ गेलं की दुसरा जिल्हा.

नऊ वाजता कमलचा फोन बंद. दहाला बंद. मॅडमकडून नंबर घेऊन अंबाजोगाईला विचारायचं ठरवलं, तर तो लागेना. साडेदहाला सासूचा फोन, नातू रडतोय, दुधाची पावडर मिळंल का? बाकी एक शब्द नाही. म्हणजे तिलाही माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि ठीक चाललंय तिच्या हिशोबाने. लसीच्या बाटल्या मोजत बसले. तीनदा मोजल्या, तीनदा वेगळ्या भरल्या.

पावणेबाराला कमलचा फोन आला. मागे गर्दी, कुणीतरी नंबर पुकारत होतं. नंबर तर दोन्हीकडे पुकारतात. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"पोचलो सिस्टर. सुनी माज्यापाशी बसलीया, च्या पितीया. कुटं ते इचारू नका. तुमी लिवून ठिवता."

चहा पितेय म्हणाली. ऑपरेशनच्या आधी चहा देत नाहीत. पण तपासणी व्हायची असेल, तारीख दुपारची असेल, किंवा कमलला ते माहीत आहे आणि म्हणूनच मला ते सांगितलं असेल.

पलीकडून ती अजून कानाला फोन लावून होती. श्वास ऐकू येत होता. मी विचारलं नाही. बरं, म्हटलं, आणि सुनीताला सांग की तिचं सुईचं कार्ड माझ्याकडे नीट आहे.